वकिलीची पहिली तीन वर्षे : तालुक्याच्या ज्युनिअरांसाठी वकील संघाने नेमके काय करावे?

मांजराकाठ (धागाकर्ता)

आमच्या जिल्हा वकील संघाने नव्या वकिलांसाठी आणि विधी महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांसाठी एखादा कायमस्वरूपी उपक्रम सुरू करावा असे ठरले असून त्याचा मसुदा करण्याचे काम माझ्यासह काही जणांकडे आले आहे. मसुदा सभेपुढे जाण्यापूर्वी मराठवाड्याच्या इतर जिल्ह्यांतील वकील, विद्यार्थी आणि न्यायालयाशी या ना त्या नात्याने संबंध आलेली मंडळी यांचे म्हणणे समजून घ्यावे, एवढाच या धाग्याचा हेतू आहे.

मार्गदर्शन शिबिर म्हणून आजवर जे होत आले ते आपण सर्वांनी पाहिले आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी सभागृह, सत्कार, एक लांबलचक भाषण, जेवण आणि सामूहिक छायाचित्र. १ जुलै २०२४ पासून नवे फौजदारी कायदे लागू झाले तेव्हाही अशी भाषणे ठिकठिकाणी झाली. परंतु ज्युनिअरची अडचण वेगळीच होती. गुन्हा १ जुलैपूर्वीचा आणि जामीन अर्ज त्यानंतरचा असेल तर अर्जाच्या मथळ्यात जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम ४३९ लिहायचे की नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ४८३, हे त्याला विचारायचे होते आणि व्यासपीठावरून संहितेमागील तत्त्वज्ञान ऐकवले जात होते. बार रूममध्ये चहा पिताना एखाद्या ज्येष्ठाने दोन मिनिटांत जे सांगितले तेच शेवटी कामाला आले.

माझे म्हणणे असे की, मदत द्यायची असेल तर ती तालुका न्यायालयात, दर आठवड्याला आणि हातातील कामाशी बांधलेली असली पाहिजे. वकीलपत्र दाखल करणे, कैफियत (प्रतिवादीचे लेखी उत्तर) तयार करणे, तूर्तातूर्त मनाईच्या अर्जाला म्हणणे देणे, नक्कल विभागातून नक्कल मिळवणे, रोजनामा (प्रकरणात तारखेगणिक झालेल्या कामाची नोंद) वाचून पुढील पावले ठरवणे, हे कोणत्याही महाविद्यालयात शिकवले जात नाही आणि सीनिअरला शिकवायला सवड नसते.

त्यातही आपल्या भागाचे काम उर्वरित महाराष्ट्रापेक्षा वेगळे आहे. मी शिकलो तेव्हा वर्गात कूळ कायदा म्हणजे मुंबईचा १९४८ चा कायदा एवढेच सांगितले गेले. प्रत्यक्षात आपल्या आठही जिल्ह्यांत १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायदा चालतो आणि संरक्षित कुळाच्या मालकीचा प्रश्न त्याच्या कलम ३८-ई भोवती फिरतो. मदतमाश (निर्वाहासाठी दिलेल्या) आणि खिदमतमाश (धार्मिक स्थळाच्या सेवेसाठी दिलेल्या) इनाम जमिनींचे वाद आले की हैदराबादचाच इनाम निर्मूलन कायदा उघडावा लागतो. नव्या वकिलाकडे पहिला स्वतंत्र पक्षकार बहुधा शेतीच्या वाटणीचा किंवा फेरफाराचा वाद घेऊनच येतो आणि तेव्हा त्याच्यासमोर जी कागदपत्रे पडतात त्यांतील निम्मी त्याने कधी पाहिलेलीही नसतात.

विद्यावेतन, महिला ज्युनिअरांचे प्रश्न, विद्यार्थ्यांची इंटर्नशिप, न्यायाधीश पदाच्या परीक्षेसाठीची तीन वर्षांची अट, यांपैकी कोणत्याही बाजूने लिहावे. केवळ अभिनंदनाचे प्रतिसाद कृपया नकोत.

---

गोदातीर

मांजराकाठ सर, मी परभणी जिल्ह्यातील एका तालुका न्यायालयात दुसऱ्या वर्षात आहे. शिकवण्याची गरज आपण अचूक सांगितली. पण आपण विद्यावेतन हा शब्द शेवटच्या परिच्छेदात टाकला, माझ्यासारख्याच्या बाबतीत तो पहिल्या परिच्छेदात यायला हवा.

बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरी भागातील ज्युनिअरला दरमहा किमान २०,००० आणि ग्रामीण भागातील ज्युनिअरला १५,००० रुपये द्यावेत अशी शिफारस केली. शिफारस असल्यामुळे ती पाळण्याची सक्ती नाही. आमच्या बारमध्ये ते परिपत्रक मोबाइलवर सर्वांनी एकमेकांना पाठवले आणि विषय संपला. दुसरीकडे, बार कौन्सिलच्याच नियमांनुसार सनद घेतलेल्या वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. म्हणजे बाहेर कमावता येत नाही आणि आत मिळत नाही. ज्याच्या घरी पाच-सात एकर ओलिताची जमीन आहे किंवा वडील नोकरीत आहेत तो तग धरतो. ऊसतोड कामगाराचा मुलगा सहा महिन्यांत पुण्याला एखाद्या कंपनीत कागद तपासायला निघून जातो. माझ्या वर्गातले असे गेलेले आहेत आणि त्यांच्यातील एक-दोघे आमच्यापेक्षा निश्चितच चांगले वकील झाले असते.

एक गोष्ट सुधारली तीही नोंदवतो. सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ च्या निकालात राज्य बार कौन्सिलांना वकील कायद्याच्या कलम २४ पलीकडे नोंदणी शुल्क घेता येणार नाही असे स्पष्ट केले. खुल्या प्रवर्गासाठी ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये अधिक मुद्रांक शुल्क, एवढेच कायद्यात आहे. त्यापूर्वी हजारो रुपये भरावे लागत. आमच्या नंतरच्या मुलांना सनदेसाठी कर्ज काढावे लागणार नाही, हे चांगले झाले.

आंध्र प्रदेशाने २०१९ साली नव्या वकिलांना पहिली तीन वर्षे दरमहा ५,००० रुपये देणारी योजना सुरू केली होती. आपल्या वकील संघाने निदान अशा मागणीचा ठराव करून शासनाकडे पाठवावा.

---

बालाघाट

मी बीड जिल्ह्यात दिवाणी आणि मोटार अपघात दाव्यांचे काम करतो, माझ्याकडे दोन ज्युनिअर आहेत. गोदातीर यांच्या म्हणण्यातील कळकळ समजते. पण तालुक्यातील सीनिअरच्या मिळकतीचे स्वरूपही येथे मांडले पाहिजे. भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे किंवा अपघाताचे प्रकरण वर्षानुवर्षे चालते, पक्षकार शेतकरी असतो आणि फी निकालानंतर, तीही मोबदला जमा झाल्यावर मिळते. एखाद्या वर्षी हातात चांगली रक्कम येते आणि पुढची दोन वर्षे कोर्ट फी स्टँप, टायपिंग आणि कारकुनाचा पगार एवढ्यावरच ओढाताण होते. अशा सीनिअरवर दरमहा १५,००० रुपयांची सक्ती केली तर तो ज्युनिअर ठेवणेच बंद करील. परिपत्रक काढणाऱ्यांच्या नजरेसमोर दिल्ली-मुंबईची कार्यालये असावीत असे मला वाटते.

मी माझ्यापुरता मार्ग काढला आहे. ज्युनिअर माझ्या प्रकरणात पुकाऱ्याला उभा राहिला, साक्षीदाराचा सरतपास (आपल्याच साक्षीदाराची पहिली तपासणी) घेतला किंवा युक्तिवादाचे टिपण तयार केले, तर त्या त्या कामाचे ठरलेले पैसे त्याच आठवड्यात देतो. केवळ तारीख घेऊन आला तरी प्रवासखर्च निघेल एवढे देतो. यामुळे त्याला काम मिळते आणि मलाही काय दिले याचा हिशेब राहतो. वकील संघाने अशा दरांचे एक साधे पत्रक करून सभेत संमत केले, तर सीनिअरला लाज वाटून का होईना, ते पाळावे लागेल.

आणखी एक सांगतो, कटू वाटले तरी. पैशांची तक्रार करणाऱ्या ज्युनिअरांपैकी कित्येक जण साडेअकरापर्यंत न्यायालयात पोचत नाहीत.

---

गोदातीर

बालाघाट सर, कामागणिक दराची कल्पना मला मान्य आहे आणि ती मसुद्यात यावी. उशिराबद्दल मात्र एवढेच की, आमच्या गावाहून तालुक्याला येणारी पहिली एसटी वेळेवर सुटली तरच अकराच्या आत पोचते आणि तालुक्याला खोली घ्यायची तर भाडे कोठून द्यायचे, हा प्रश्न फिरून पुन्हा तेथेच येतो.

---

विधी_तृतीयवर्ष

मी नांदेड येथे तीन वर्षांच्या एलएल.बी. अभ्यासक्रमाच्या शेवटच्या वर्षात आहे. विद्यार्थ्यांच्या बाजूने दोन गोष्टी मांडते.

बार कौन्सिलच्या २००८ च्या विधी शिक्षण नियमांप्रमाणे तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान २० आठवडे इंटर्नशिप करावी लागते, तीही सलग चार आठवड्यांहून अधिक नाही. प्रत्यक्षात काय होते? ओळखीच्या वकिलाच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र आणले जाते आणि डायरी एकमेकांची पाहून लिहिली जाते. यात केवळ विद्यार्थ्यांचा दोष नाही. जी मुले खरोखर कार्यालयात जाऊन बसतात त्यांना झेरॉक्स काढायला आणि चहा सांगायला पाठवले जाते, मग पुढच्या सुटीत ती जात नाहीत. वकील संघाने इंटर्न घेण्यास तयार असलेल्या वकिलांची यादी करून, चार आठवड्यांत विद्यार्थ्याला काय काय दाखवायचे याचे एक पानभर टाचण दिले, तरी पुष्कळ फरक पडेल. दाव्याची एक संपूर्ण फाइल पहिल्या पानापासून शेवटच्या निशाणीपर्यंत वाचायला दिली, तरी आमचे अर्धे काम झाले.

दुसरी गोष्ट विधी सेवेची. प्रत्येक विधी महाविद्यालयात विधी साहाय्य केंद्र असणे बंधनकारक आहे. ते अनेकदा एका फलकापुरते असते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून विद्यार्थ्यांनाही विधी स्वयंसेवक म्हणून प्रशिक्षण घेता येते, हे मला स्वतः चौकशी केल्यावर कळले. त्या कामात मला सर्वाधिक शिकायला मिळाले. कोणत्याही महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळू शकतो, ही विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ मधील साधी तरतूद गावातल्या बायकांना ठाऊक नसते आणि १५१०० हा मदत क्रमांकही ठाऊक नसतो. महाविद्यालय, प्राधिकरण आणि वकील संघ हे तिघे एकाच शहरात असूनही एकमेकांशी बोलत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

वकिलीसाठी उत्तीर्ण व्हाव्या लागणाऱ्या अखिल भारतीय बार परीक्षेविषयीही कोणी लिहावे ही विनंती. आमच्याकडे तिची धास्ती फार आहे.

---

नाथसागर

बार परीक्षेची धास्ती अनाठायी आहे. शंभर प्रश्न, ऋण गुणपद्धत नाही, टिपणे नसलेले मूळ कायदे सोबत नेता येतात, मराठीतून देता येते आणि खुल्या प्रवर्गाला ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातींना ४० टक्के गुण लागतात. मूळ कायद्याची अनुक्रमणिका चटकन पाहता येण्याचा सराव केला की पुरे.

आता माझा मुद्दा. मी छत्रपती संभाजीनगर येथे खंडपीठात वकिली करतो. हे खंडपीठ २७ ऑगस्ट १९८१ रोजी सुरू झाले आणि १९८४ मध्ये त्याला कायम स्वरूप मिळाले. त्यासाठी मराठवाड्यातील वकिलांनी आणि जनतेने दीर्घकाळ लढा दिला होता. मुंबईचे हेलपाटे वाचले, हे खरे. परंतु किनवट, देगलूर किंवा उदगीरच्या तरुण वकिलाला आज खंडपीठही तितकेच दूर वाटते आणि त्याचे कारण केवळ रात्रभराचा प्रवास नाही. जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, उच्च न्यायालयाची इंग्रजी. खाली उत्तम उलटतपासणी घेणारा मुलगा येथे पहिल्या वाक्याला अडखळतो आणि मग आयुष्यभर आपली अपिले दुसऱ्याच्या हाती सोपवतो. याउलट येथे थेट सुरुवात करणाऱ्या मुलांना साक्षीपुरावा म्हणजे काय, हे छापील पेपरबुकाबाहेर दिसत नाही. दोन्ही बाजूंची ही उणीव भरून काढायला खंडपीठातील काही वकिलांनी तालुक्याच्या ज्युनिअरांना त्यांच्याच प्रकरणाच्या अपिलात सोबत घेऊन, इंग्रजी मसुदा त्यांच्याकडून करून घ्यावा. मी दोघांच्या बाबतीत असे करीत आहे. पहिला मसुदा बहुतेक पुन्हा लिहावा लागतो, तिसरा वाचण्याजोगा असतो.

न्यायाधीश होऊ इच्छिणाऱ्यांसाठी : सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ च्या निकालात दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा आणली. ही तीन वर्षे तात्पुरत्या नोंदणीपासून मोजली जातात, बार परीक्षा उत्तीर्ण झाल्यापासून नव्हे. दहा वर्षे वकिली झालेल्या वकिलाचे प्रमाणपत्र आणि त्यावर प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याचे पृष्ठांकन असा मार्ग त्यात सांगितला आहे. म्हणून माझी सूचना अशी की, ज्युनिअरने पहिल्या दिवसापासून आपली नोंदवही ठेवावी : तारीख, प्रकरण क्रमांक, कोणत्या कामासाठी हजर राहिलो. वकील संघाने तिचा नमुना छापून दिला तर खोटी प्रमाणपत्रे देण्या-घेण्याचा मोह थोडा तरी कमी होईल. इंटर्नशिपच्या बाबतीत जे झाले ते येथेही होऊ शकते, ही भीती मला आहे.

---

मोसंबीचे_गाव

जालना जिल्ह्यातून लिहीत आहे. वकिलीला नऊ वर्षे होत आली. वरील चर्चेत ज्युनिअर म्हणजे मुलगा असे गृहीत धरूनच बहुतेकांनी लिहिले आहे, म्हणून थोडे सविस्तर लिहिते.

पोटगी, कौटुंबिक हिंसाचार आणि घटस्फोट एवढीच प्रकरणे मुलींकडे सोपवली जातात. ती महत्त्वाची नाहीत असे मी म्हणत नाही. मीही त्यांवरच उभी राहिले. परंतु शेतीच्या दाव्यात, दरखास्तीत (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीत) किंवा सत्र खटल्यात मुलीला सोबत घेतले जात नाही, कारण पक्षकाराला पटणार नाही, स्थळपाहणीला शेतात कशी नेणार, असे सांगितले जाते. पक्षकाराला पटत नाही, हे मी माझ्या पक्षकाराच्या तोंडून एकदाही ऐकलेले नाही. ते नेहमी सीनिअरच्याच तोंडून ऐकले. ज्युनिअर मुलगी सहा-सात वर्षांनी दिवाणी कामात मागे दिसते, तेव्हा तिला ते काम कधी दिले होते का, हे आधी विचारावे.

काही तालुका न्यायालयांत महिला वकिलांसाठी स्वतंत्र कक्ष नाही, कोठे कक्ष आहे तर स्वच्छतागृहाला कुलूप आहे आणि किल्ली बेलिफाकडे असते. मसुद्यात या कुलपाविषयी एक ओळ असली, तर दहा व्याख्यानांपेक्षा तिचा उपयोग अधिक होईल. संध्याकाळचे वर्ग ठेवू नयेत; शेवटची बस गेल्यावर आम्ही परतायचे कसे?

लग्नानंतर गाव बदलते, नवे न्यायालय, नवे लिपिक, एकही ओळखीचा चेहरा नाही, आणि तोवर केलेली वर्षे तेथे कोणी मोजत नाही. एका जिल्ह्याच्या वकील संघाने दुसऱ्या जिल्ह्याच्या संघाला पत्र देऊन अशा वकील मुलीला एखाद्या सीनिअरशी जोडून द्यावे, एवढी सोय झाली तरी कित्येकींची सनद कपाटात पडून राहणार नाही.

विद्यार्थिनीने विधी सेवेविषयी लिहिले आहे, त्याला जोडून : लोक अभिरक्षक कार्यालयात (विधी सेवा प्राधिकरणातर्फे आरोपींना मोफत बचाव देणारे कार्यालय) सहायक पदासाठी शून्य ते तीन वर्षे फौजदारी अनुभव असलेले वकील घेतले जातात. ठरावीक मानधन मिळते आणि मुख्य लोक अभिरक्षकाच्या हाताखाली सतत खटले चालवायला मिळतात. खासगी काम करता येत नाही आणि नेमणूक कराराची असते, हे लक्षात ठेवूनही, घरची परिस्थिती बेताची असलेल्या मुलामुलींनी याचा जरूर विचार करावा. माझ्या माहितीतील एका मुलीने तेथे दोन वर्षांत जेवढे साक्षीदार तपासले तेवढे मी पहिल्या पाच वर्षांत तपासले नव्हते.

---

बालाघाट

स्थळपाहणीचा मुद्दा माझ्या कार्यालयालाही लागू आहे, हे मान्य करतो. पुढील आठवड्यात बांधाच्या वादातील मोजणी आहे, ज्युनिअर मुलीला पाठवीन.

---

जुने_दप्तर

मी वकील नाही. महसूल खात्यात अभिलेख कक्षात नोकरी करून निवृत्त झालो आहे. धाग्यात जुन्या कागदपत्रांचा उल्लेख आला म्हणून लिहिण्याचे धाडस करतो.

नवे वकील अभिलेख कक्षात येतात आणि जुना सातबारा द्या म्हणतात. सातबारा हा पुढचा कागद आहे. मराठवाड्यात जमिनीचा माग काढायचा तर १९५४-५५ चे खासरा पाहणी पत्रक (जमीन व कब्जाची नोंद), सेतवार (सर्व्हे क्रमांकवार क्षेत्र व आकाराची नोंद) आणि पुढची पाहणी पत्रके, असे क्रमाने मागावे लागते. त्यामागे जायचे तर निजामकाळातील उर्दू नोंदी येतात, काही ठिकाणी मोडी. त्यांवर साल फसली (निजामकाळातील महसुली वर्ष) असते. तरुण वकील १३५५ हा आकडा पाहून तो गट क्रमांक समजतात. त्यात सुमारे ५९० मिळवले की इसवी सन येते, म्हणजे ते १९४५-४६ निघते. सर्व्हे क्रमांक आणि एकत्रीकरणानंतरचा गट क्रमांक यांचा मेळ घालता आला नाही तर संपूर्ण दावाच चुकीच्या जमिनीवर दाखल होतो. असे झालेले मी पाहिले आहे आणि ते पुढे कोणत्याही दुरुस्ती अर्जाने निस्तरले नाही.

अलीकडे कुणबी नोंदींच्या शोधामुळे या दप्तरांकडे पुष्कळांचे लक्ष गेले. परंतु वाचणारे मोजके आहेत आणि त्यांपैकी बहुतेक माझ्या वयाचे आहेत. वकील संघाची इच्छा असेल तर मी शनिवारी येऊन शिकवायला तयार आहे. मानधन नको, जाण्या-येण्याची सोय करावी. उर्दू लिपी पूर्ण येण्याची आवश्यकता नाही. नाव, वडिलांचे नाव, क्षेत्र, आकार आणि कब्जा एवढे रकाने ओळखता आले तरी भाषांतरकाराकडे काय घेऊन जायचे ते वकिलाला कळेल.

---

विधी_तृतीयवर्ष

काका, विद्यार्थ्यांना बसता येईल का? माझ्या आजोबांच्या जमिनीचा असाच एक कागद घरी आहे, तो आजवर कोणालाही वाचता आलेला नाही.

---

जुने_दप्तर

अवश्य यावे. कागदाची प्रत आणावी, मूळ कागद घराबाहेर काढू नये. इतरांच्या प्रकरणातील प्रती कोणी आणणार असतील तर पक्षकारांची नावे झाकून आणाव्यात.

---

मांजराकाठ

सर्वांचे आभार. मसुद्यात पुढीलप्रमाणे फेरबदल करीत आहे. कामागणिक दरांचे पत्रक हा पहिला ठराव असेल आणि शासनाकडे विद्यावेतनाची मागणी करणारा स्वतंत्र ठराव त्याच सभेत मांडला जाईल. बालाघाट आणि गोदातीर यांच्यात कोण बरोबर याचा निवाडा करण्याचे कारण मला दिसत नाही. कार्यक्रम संध्याकाळी न ठेवता महिन्याच्या पहिल्या व तिसऱ्या शनिवारी दुपारी, आळीपाळीने वेगवेगळ्या तालुका न्यायालयांत होईल. हजेरीची नोंदवही आणि इंटर्नसाठीचे टाचण यांचे नमुने मी येथेच टाकीन, त्यांत दुरुस्त्या सुचवाव्यात. महिला कक्ष आणि कुलूप याविषयी प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना द्यायचे निवेदन तालुकानिहाय माहितीसह लागेल. मोसंबीचे_गाव यांच्या मुद्द्यावरून ती माहिती आमच्या जिल्ह्यातील महिला सदस्य गोळा करीत आहेत. संघांनी एकमेकांना पत्र देण्याची सूचना मात्र एका जिल्ह्याच्या ठरावाने होणारी नाही, तिच्यासाठी इतर जिल्ह्यांतील वाचकांनी आपापल्या कार्यकारिणीत बोलावे लागेल.

पहिला शनिवार जुने_दप्तर यांचा. न्यायालयाच्या आवारात जागा मिळण्यासाठी परवानगीचा अर्ज उद्या देत आहे. खासरा पत्रकाच्या वाचनीय प्रती कोणाकडे असल्यास येथे कळवावे.

---

मोसंबीचे_गाव

माझ्याकडे अंबड तालुक्यातील दोन प्रती आहेत, नावे झाकून आणते. येताना ज्युनिअर मुलींनाही घेऊन येईन, जिल्ह्याबाहेरच्या चालतील ना?

---

मांजराकाठ

चालतील. जेवणाची सोय संघाकडे आहे, संख्या शुक्रवारपर्यंत कळवावी.